मीटर, प्रोब आणि मोकळी करायची खोली

संस्थेतली एक जुनी प्रयोगशाळा साध्या वापरासाठी मोकळी करायचं ठरलं आणि तिच्या किरणोत्सर्ग तपासणीचं काम माझ्याकडे आलं. त्या खोलीत अनेक वर्षं रेणुजीवशास्त्राचे प्रयोग चालले होते. फॉस्फरस-३२, आयोडीन-१२५, कार्बन-१४ आणि ट्रिटियम ही चार समस्थानिकं तिथे वापरल्याची नोंद वहीत होती. काम बंद होऊन दोनेक वर्षं झाली होती. फॉस्फरस-३२चं अर्धायुष्य, म्हणजे त्याचा किरणोत्सर्ग निम्म्यावर यायला लागणारा काळ, १४.३ दिवसांचं, त्यामुळे त्याचा मागमूस उरलेला नसणार. आयोडीन-१२५चं साधारण ६० दिवसांचं, तेही जवळपास संपलेलं. पण कार्बन-१४चं अर्धायुष्य सुमारे ५,७०० वर्षांचं आणि ट्रिटियमचं १२.३ वर्षांचं. सहज सापडलं असतं ते निघून गेलं होतं, आणि हातातल्या मीटरला सर्वांत कमी दिसतं तेच मागे राहण्याची शक्यता होती. पुढच्या सगळ्या कामात ही गोष्ट माझ्या डोक्यातून गेली नाही.

आमच्याकडचा मीटर लडलम कंपनीचं मॉडेल ३. हँडल असलेली लहान धातूची पेटी, वर काट्याची तबकडी, आत डी आकाराचे दोन सेल. रेंजच्या नॉबवर बंद, बॅटरी, आणि मग ×१००, ×१०, ×१, ×०.१. बाजूला आवाजाचा खटका, काटा जलद की संथ याचा खटका आणि रीसेटचं बटण. एवढंच. डिजिटल मीटर आता सगळीकडे मिळतात आणि त्यात सोयीही पुष्कळ असतात, पण शिकायला काट्याचाच मीटर हवा असं माझं मत आहे. काटा थरथरतो, आणि ती थरथर पाहिली की मोजणीत चढउतार असणारच हे डोळ्यांना कळतं. पडद्यावर ठाम दिसणारा आकडा ती जाणीव देत नाही.

किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकारी असलेल्या सरांनी पहिले काही दिवस मला खोलीत पाऊल टाकू दिलं नाही. "मीटर काय दाखवतो ते नंतर. आधी कुठला प्रोब काय पाहूच शकत नाही, ते मला सांगा," म्हणाले. मग आम्ही टेबलावर प्रोब, म्हणजे केबलने मीटरला जोडायचे किरणं टिपणारे भाग, मांडून बसलो.

सगळ्यांत जास्त वापरात असतो तो पॅनकेक प्रोब, म्हणजे चपटी गायगर-म्युलर नळी. गायगर आणि म्युलर यांनी १९२८ साली जी नळी बनवली तिचंच हे रूप. आत वायू, मध्ये साधारण ९०० व्होल्टचा विद्युत दाब. एखादा कण आत शिरला की आयनांची लाट उठते आणि मीटरला एक ठोका मिळतो. कण दुबळा असो की जोरकस, ठोका सारखाच. त्यामुळे ही नळी ऊर्जा सांगत नाही, फक्त संख्या सांगते. समोरची खिडकी अभ्रकाची, व्यास ४.५ सेंटीमीटरच्या आसपास, आणि जाडी इतकी कमी की ती मायक्रॉनमध्ये न सांगता वजनात सांगतात: प्रति चौरस सेंटीमीटर सुमारे १.७ मिलिग्रॅम. जाळीतून एखादी तार किंवा पेन्सिलीचं टोक आत गेलं की नळी मेलीच. म्हणून काचेच्या तुकड्यांजवळ, गवताच्या काड्यांवर, तुटक्या कडांवर हा प्रोब नेताना हात आपोआप सावध होतो.

सरांनी कार्बन-१४ची एक चकती समोर ठेवली. प्रोब तिच्यावर धरला तेव्हा काटा मिनिटाला दोन हजारांच्या आसपास गेला. मग त्यांनी प्रयोगशाळेत बाटल्यांची तोंडं बंद करायला वापरतात ती पॅराफिल्म घेतली आणि तिचा एकच पदर प्रोबवर ताणला. काटा दीडशेच्या आत. पदर काढला, पुन्हा दोन हजार. प्रोब डागाळू नये म्हणून त्यावर प्लास्टिक गुंडाळायची सवय पुष्कळ ठिकाणी असते. फॉस्फरस-३२ची तपासणी करताना तिने फारसं बिघडत नाही, कारण त्याचे बीटा कण, म्हणजे विघटनात सुटणारे इलेक्ट्रॉन, १.७१ एमईव्हीपर्यंत (एमईव्ही हे कणाच्या ऊर्जेचं एकक) जोर धरून असतात. कार्बन-१४चे कण जास्तीत जास्त ०.१५६ एमईव्हीचे. त्यांना प्लास्टिकचा पदर म्हणजे भिंतच. हवासुद्धा त्यांना अडवते: एक सेंटीमीटर हवेचं वजन प्रति चौरस सेंटीमीटर १.२ मिलिग्रॅम भरतं, म्हणजे अभ्रकाच्या खिडकीच्या पाऊणपट. प्रोब पृष्ठभागापासून एक सेंटीमीटरऐवजी तीनवर धरला की आपण त्या कणांसमोर जादा पडदे टांगतो. वर अंतरामुळे विरळपणा येतो तो वेगळाच.

ट्रिटियमचा विषय तर एका वाक्यात संपला. त्याचे कण जास्तीत जास्त १८.६ केईव्हीचे (केईव्ही म्हणजे एमईव्हीचा हजारावा भाग), ते अभ्रकातून आत जातच नाहीत. बाकावर ट्रिटियम सांडलेलं असलं तरी पॅनकेक प्रोब नेहमीच्याच चालीने टिकटिकत राहील.

आयोडीन-१२५साठी वेगळा प्रोब होता. त्यात जेमतेम १ मिलिमीटर जाडीचा सोडियम आयोडाइडचा स्फटिक असतो. आयोडीनची किरणं २७ ते ३५ केईव्हीची, ती पॅनकेकच्या विरळ वायूतून बहुतेक न अडखळता निघून जातात. स्फटिकात ती अडतात, बारीकसा उजेड पडतो, आणि मागची फोटोमल्टिप्लायर नळी त्या उजेडाचा विद्युत ठोका करते. हा स्फटिक दमटपणा सहन करत नाही आणि तापमान एकदम बदललं तर तडकतो. थंड गोदामातून काढून उन्हात ठेवायचा नाही, सावकाश खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचा. अल्फा कणांसाठीचा झिंक सल्फाइडचा प्रोबही सरांनी दाखवला, जरी आमच्या खोलीत त्याचं काम नव्हतं. त्याच्या खिडकीवर ॲल्युमिनियमचा मुलामा दिलेली पातळ फिल्म असते. तिला टाचणीएवढं भोक पडलं तरी बाहेरचा उजेड आत शिरतो आणि काटा उगाच धावतो. तपासायचं कसं? प्रोब दिव्याकडे वळवायचा, मग हाताने झाकायचा. आकडा बदलला तर फिल्म गेली.

प्रोब बदलताना मीटर आधी बंद करायचा. प्रत्येक प्रोबला लागणारा व्होल्टेज वेगळा असतो आणि कॅलिब्रेशन, म्हणजे माहीत असलेल्या स्रोतावर आकडा पडताळून घेणं, हे मीटर आणि प्रोब या जोडीचं असतं, एकट्या मीटरचं नव्हे. आमच्या पेटीवर म्हणूनच दोन्हींचे क्रमांक लिहिलेला एकच स्टिकर आहे.

त्या दिवसांत सरांनी ब्राझीलमधल्या गोयानियाची गोष्ट सांगितली. १९८७ साली तिथल्या एका बंद पडलेल्या उपचार केंद्रातून सीझियम-१३७चा स्रोत भंगारात गेला आणि फोडला गेला. चार माणसं त्यात दगावली. काय घडलंय हे शोधायला निघालेल्या एका वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञाने भूगर्भ सर्वेक्षणासाठी वापरायचा मीटर उसना घेतला. ठिकाण अजून लांब असताना त्याने तो सुरू केला आणि काटा थेट टोकाला जाऊन टेकला, कुठल्याही दिशेला वळवला तरी तसाच. मीटर बिघडलाय असं समजून तो परत गेला, दुसरा घेऊन आला. दुसऱ्याचाही काटा तसाच टेकला, तेव्हा त्याला कळलं की दोष मीटरचा नाही. मला त्या माणसाच्या जागी स्वतःला ठेवून पाहणं भाग पडलं. अविश्वसनीय आकडा दिसल्यावर हातातल्या यंत्रावर संशय घ्यायचा की परिस्थितीवर, हे त्या क्षणी ठरवायला आधीच काहीतरी हाताशी हवं. ते म्हणजे निघण्यापूर्वी केलेली तपासणी.

म्हणून रोज सकाळी ठरलेला क्रम. कॅलिब्रेशनची तारीख उलटलेली नाही ना, हे स्टिकरवर पाहायचं. नॉब बॅटरीवर, काटा खुणेच्या पलीकडे गेला पाहिजे. केबल दोन्ही टोकांना हलवून पाहायची. हलवताना कडकड आवाज आला तर जोड सैल आहे आणि त्या दिवशी त्या केबलवर भरवसा नाही. मग पार्श्वभूमी, म्हणजे जवळ कुठलाही स्रोत नसताना येणारे ठोके: आमच्या पॅनकेकची मिनिटाला ४५च्या आसपास. शेवटी चेक सोर्स, म्हणजे मीटर तपासायला ठेवलेला लहानसा किरणोत्सर्गी स्रोत. पेटीच्या बाजूला ठरलेल्या जागी सोर्स, त्यावर ठरलेल्या बाजूने प्रोब, आणि आकडा नोंदवहीतल्या संदर्भ आकड्याच्या वीस टक्क्यांच्या आत. हे सगळं करायला पाच मिनिटंही लागत नाहीत. पण ते केलेलं असलं की दिवसभरात काटा पडून राहो वा उसळो, त्याचा अर्थ लावता येतो.

एक धोका गायगर नळीला खास आहे. प्रत्येक ठोक्यानंतर ती शंभरेक मायक्रोसेकंद आंधळी असते. क्षेत्र फार तीव्र असेल तर ठोक्यांवर ठोके आदळतात आणि काही मीटरांचा काटा वर जाण्याऐवजी खाली येतो, अगदी शून्याजवळसुद्धा. त्यामुळे अनोळखी ठिकाणी मीटर दाराबाहेर, लांबूनच सुरू करायचा आणि सर्वांत वरच्या रेंजवरून खाली यायचं. चढत गेलेला आकडा अचानक कोसळला तर पुढे जायचं नाही, मागे फिरायचं. आमच्या खोलीत असं काही संभवत नव्हतं, तरी दारात उभं राहून ×१००पासून सुरुवात करायची सवय मी मोडली नाही.

मग प्रत्यक्ष खोली. जमिनीवर आणि बाकांवर खडूने चौकटी आखल्या, नकाशावर त्यांना क्रमांक दिले. प्रोब पृष्ठभागापासून जेमतेम अर्धा सेंटीमीटर वर. टेकवायचा नाही, नाहीतर तोच डागाळतो. आवाज चालू, कानाला हेडफोन. नजर काट्यावर ठेवून शोध घेता येत नाही, कारण नजर प्रोबच्या जाळीवर आणि त्याखालच्या पृष्ठभागावर हवी. शोध कानाने घ्यायचा. काटा संथ खटक्यावर असेल तर खरी पातळी गाठायला त्याला वीसेक सेकंद लागतात, कानाला तेवढे लागत नाहीत.

वेगाचा हिशेब मी कागदावर करून पाहिला होता आणि तो करून पाहण्यासारखाच आहे. कार्बन-१४चा २० बेकरेलचा डाग घ्या; सेकंदाला एक विघटन म्हणजे एक बेकरेल. म्हणजे मिनिटाला १,२०० विघटनं. प्रोबची कार्यक्षमता, म्हणजे विघटनांपैकी किती ठोके म्हणून मोजली जातात ते प्रमाण, ५ टक्के धरली तर मिनिटाला ६० ठोके, म्हणजे सेकंदाला एक. पार्श्वभूमीचे ठोके सेकंदाला पाऊण. प्रोब सेकंदाला १० सेंटीमीटर फिरवला तर डाग खिडकीखाली अर्धा सेकंदही राहत नाही, म्हणजे त्याचा जादा ठोका अर्धा. कुठलाही कान हे पकडणार नाही. सेकंदाला २ सेंटीमीटर केलं तर डाग दोन सेकंद खिडकीखाली राहतो आणि पार्श्वभूमीच्या दीड ठोक्याच्या जागी साडेतीन ठोके मिळतात. आता कान टवकारतो. टवकारला की थांबायचं, हलायचं नाही, आणि पूर्ण मिनिटभर मोजायचं. खोली मोठी आणि वेग सेकंदाला २ सेंटीमीटर, त्यामुळे काम कंटाळवाणं होतं हे खरं. पण याहून जलद गेलेल्या तपासणीने कार्बन-१४ शोधलं असं मी मान्य करणार नाही.

मिनिटभराच्या मोजणीलाही तिची स्वतःची डळमळ असते. सरासरी ४५ असेल तर कधी ३८ येतात, कधी ५३. ४५चं वर्गमूळ पावणेसात, आणि तेवढा फरक नेहमीचाच. म्हणून ५५ दिसले म्हणून डाग सापडला असं होत नाही. पुन्हा मोजायचं, जास्त वेळ मोजायचं. शंभर ठोके जमले की अनिश्चितता दहा टक्क्यांवर येते, दहा हजार जमले की एक टक्क्यावर.

पहिला आवाज वाढला तो रसायनांच्या कपाटाजवळ. मोजणी ठामपणे पार्श्वभूमीच्या वर होती आणि आत होत्या पोटॅशियम क्लोराइडच्या बाटल्या. निसर्गातल्या सगळ्या पोटॅशियममध्ये पोटॅशियम-४० असतं, ग्रॅममागे सुमारे ३१ बेकरेल. अर्ध्या किलोच्या एका बाटलीत निम्म्याहून थोडं जास्त वजन पोटॅशियमचं, म्हणजे जवळपास ८,००० बेकरेल. बाटल्या बाहेर हलवल्या, कपाट पुन्हा मोजलं, पार्श्वभूमी. दुसरा आवाज एसीच्या जाळीवर. तिथल्या धुळीची पुसणी, म्हणजे कागदाने पुसून घेतलेला नमुना, घेतली तर मिनिटाला दीडशेच्या वर. ही रेडॉनची पिल्लं असावीत असा अंदाज होता. हवेतला रेडॉन हा किरणोत्सर्गी वायू विघटन पावतो, त्यातून निघालेले शिसं-२१४ आणि बिस्मथ-२१४ धुळीला चिकटतात आणि जाळीवर जमतात. त्यांची अर्धायुष्यं २७ आणि २० मिनिटांची. पुसणी बाजूला ठेवून दर अर्ध्या तासाने मोजत गेले. आकडा उतरत गेला आणि दुपारपर्यंत पार्श्वभूमीत मिसळला. कार्बन-१४ असतं तर तो जागचा हलला नसता. वाट पाहणं हीसुद्धा मोजणीची एक पद्धत आहे, आणि तिला कुठलाही महागडा प्रोब लागत नाही.

खरा डाग सापडला तो खिडकीकडच्या बाकाच्या पुढच्या कडेखाली. वरचा पृष्ठभाग शांत होता. कडेला हात टेकतो त्या खालच्या बाजूने प्रोब उताणा धरून नेत असताना ठोके दाटले. थांबून मोजलं: १०८. पुन्हा: ११४. प्रोब दोन सेंटीमीटर खाली नेला की आकडा पार पडला, आणि मध्ये साधा कागद धरला की आणखी पडला. इतक्या सहज अडणारे बीटा कण म्हणजे फॉस्फरस नव्हे, आणि नोंदवहीतल्या चौघांपैकी उरतो तो कार्बन-१४. पार्श्वभूमी वजा करून साधारण ६५ ठोके, म्हणजे वीसेक बेकरेल. हाच आकडा फॉस्फरस-३२चा असता तर कार्यक्षमता बत्तीस टक्क्यांच्या आसपास धरून तीन-साडेतीन बेकरेलच निघाले असते. काटा दोन्ही वेळा एकाच ठिकाणी उभा राहिला असता. तबकडीवर मिलिरोंटजेनची, म्हणजे किरणांच्या मात्रेची, पट्टीही छापलेली असते, पण ती सीझियम-१३७च्या गॅमा किरणांवर बेतलेली. कार्बन-१४च्या डागावर ती वाचून मात्रा लिहिण्यात काही अर्थ नाही.

त्या कडेचं लॅमिनेट उचकटलेलं होतं आणि द्रव लाकडात मुरला होता. घासून फरक पडला नाही. शेवटी तेवढा तुकडा कापून किरणोत्सर्गी कचऱ्यात दिला.

ट्रिटियमसाठी मीटर बाजूलाच ठेवला. प्रत्येक चौकटीत १० बाय १० सेंटीमीटर जागा ओलसर फिल्टर कागदाने पुसायची, कागद कुपीत टाकायचा, वर सिंटिलेशनचं, म्हणजे कण आदळला की उजेड पाडणारं, द्रव ओतायचं आणि द्रव सिंटिलेशन काउंटरमध्ये मोजायचं. इथे खिडकीच नसते. कण द्रवाच्या आतच सुटतो आणि तिथेच उजेड पाडतो. जमीन, बाक, सिंक, दाराच्या मुठी, सगळ्या पुसण्या कोऱ्या कागदाइतक्याच आल्या. फ्रीझरच्या आतल्या भिंतीची मात्र नाही. ट्रिटियमयुक्त द्रावणं तिथे वर्षानुवर्षं ठेवलेली होती आणि पाण्यातला हायड्रोजन ट्रिटियमशी अदलाबदल करतो, त्यामुळे ते बर्फाच्या थरात जाऊन बसलं होतं. त्याच भिंतीवर मी पॅनकेक प्रोब धरून पाहिला होता: मिनिटाला ४४. फ्रीझर बंद करून बर्फ वितळू दिला, पाणी सांडू न देता गोळा केलं आणि कचरा म्हणून नोंदवलं, आतून धुतलं, पुन्हा पुसणी घेतली. दोनदा धुतल्यावर आकडा कोऱ्या कागदाच्या पातळीला आला.

अहवालाच्या फॉर्ममध्ये प्रत्येक चौकटीसमोर मीटर क्रमांक, प्रोब क्रमांक, पार्श्वभूमी, मोजणी आणि निष्कर्ष असे रकाने होते. फ्रीझरच्या ओळीत "पार्श्वभूमीइतकं" एवढंच लिहिलं असतं तरी फॉर्म पूर्ण भरलेला दिसला असता. मी सरांना विचारलं की "या प्रोबला न दिसणारी समस्थानिकं आणि त्यांच्यासाठी केलेली वेगळी तपासणी" असा एक रकाना जोडला तर चालेल का. त्यांनी तिथेच पट्टीने रेघ मारून रकाना आखून दिला. आता पुढची खोली कोपऱ्यावरची, सल्फर-३५ आणि ट्रिटियम वापरलेली. तिच्या फॉर्मवर हा रकाना छापूनच आला आहे.